गजराच्या आधी दोन मिनिटं

सहाचा गजर लावून झोपावं आणि पाच अठ्ठावन्नला टक्क जाग यावी, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी आलेला असतो. पेपरच्या दिवशी तर हमखास! अंधारात चाचपडत मोबाईल बघावा, तर गजराला अजून दोन मिनिटं बाकी. मग प्रश्न पडतो, झोपेत आपल्याला वेळ कळली कशी?

माझं गाव वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याचं. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण आमच्या तोंडात अजून वेल्हंच बसलंय.) गावात मुक्कामाला आलेली एस.टी. पहाटे साडेपाचला सुटायची. ती चुकली की भोरचं ज्युनिअर कॉलेज त्या दिवशी बुडालंच. आई बरोबर साडेचारला उठून चूल पेटवायची. घरात गजराचं घड्याळ नव्हतं. विचारलं की म्हणायची, "झोपताना उशीला सांगून झोपावं, ती उठवते." कार्तिकात काकड्याला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचंही तसंच. मला तेव्हा हे सगळं थोतांड वाटायचं. इथे आल्यावर थोडं वाचलं आणि कळलं, आईचं फारसं चुकत नव्हतं.

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. हे शरीराचं मुख्य घड्याळ. त्याचा फेरा चोवीस तासांपेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून सकाळचा उजेड त्याला रोज जुळवून घेतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. उठण्याची वेळ रोज एकच असेल, तर पहाटे शरीराचं तापमान आणि कॉर्टिसॉल हे हार्मोन आधीच चढू लागतं. म्हणजे रोजच्या जागेचं कारण सवय.

पण एरवी आठला उठणारा मुलगा एखाद्याच दिवशी पाचला कसा उठतो? याचा शोध जर्मनीतल्या ल्यूबेक विद्यापीठात यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी घेतला. १९९९ साली तो 'नेचर'मध्ये छापून आला. पंधरा जणांना मध्यरात्री झोपवलं. एका रात्री सांगितलं, सहाला उठवू. दुसऱ्या रात्री सांगितलं, नऊला उठवू. झोपेतच त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. 'सहा' सांगितलेल्या रात्री, उठण्याच्या तासभर आधीपासून एसीटीएच नावाचं हार्मोन वाढू लागलं. कॉर्टिसॉल तयार करायचा हुकूम हेच देतं. आणि नऊ सांगून सहालाच उठवलं, तेव्हा ही आधीची वाढ दिसलीच नाही!

आता यातली गंमत बघा. औषध नाही, इंजेक्शन नाही. झोपताना कानावर पडलेल्या एका वाक्याने झोपेतल्या माणसाचं रक्त बदललं. चिंचेच्या नुसत्या आठवणीने तोंडाला पाणी सुटतं, व्हायवाला नाव पुकारलं की छातीत धडधडतं, त्याच जातीचा हा प्रकार. मन शरीरावर परिणाम करतं, पण हवेतून नाही. नसा आणि ग्रंथींच्या वाटेने करतं.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे, हा प्रयोग शरीराची तयारी दाखवतो. प्रत्येकाला आपोआप जाग येईलच, असं तो सांगत नाही. शिवाय पहाटे झोप उथळ असल्याने आपण अनेकदा चाळवतो आणि विसरतो. गजराच्या तोंडावरची जाग तेवढी लक्षात राहते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जितका वेळ जागे राहू, तितका मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचतो आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफी तो दाब उतरवत नाही, फक्त काही तास जाणवू देत नाही. सबमिशनला सलग दोन नाइट मारल्यावर 'मनाने ठरवलंय, उठेनच' हे चालत नाही. तिथे मन हरतं.

हे सांगायचं कारण, आपल्या हॉस्टेलची आवडती सवय. शुक्रवारी रात्रभर जागायचं आणि पहाटे बाईक काढून राजगड नाहीतर वरंधा घाट गाठायचा. सतरा ते एकोणीस तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा आहे ०.०३ टक्के! थेंबही न घेता आपण ती ओलांडलेली असते. "मला झोप येत नाहीये रे" असं म्हणणारं मनही तेव्हा तेवढंच पेंगुळलेलं असतं.

तेव्हा मित्रांनो, उशीला जरूर सांगा. पण सांगण्याआधी तिला सात तास तरी द्या. आई साडेचारला उठायची खरी, पण ती नऊच्या आत झोपायची, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. आणि हो, पेपरच्या दिवशी गजरही लावाच!