हवेचा कॉम्प्रेसर : टाकीतली ताकद ओळखून वापरा

खानदेशातील कारागिरीत हवेच्या कॉम्प्रेसरने केव्हाच आपली जागा पक्की केली आहे. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर महामार्गांवरची पंक्चरची दुकाने, जळगावच्या अजिंठा चौफुलीकडील गॅरेजेस, फर्निचरला स्प्रेने पॉलिश मारणारे कारागीर, धुळ्याचे यंत्रमागवाले, अशा अनेकांकडे चाकांवरचा लहान कॉम्प्रेसर दिसतो. आमचा धंदा कापडाचा असल्याने यंत्रमागाच्या कारखान्यांत आमचे नेहमीचे जाणे-येणे आहे. तेथे मागाची, बीमची, सुताची काळजी घेतली जाते. परंतु कोपऱ्यातल्या या यंत्राकडे फारसे कोणी पाहत नाही. ‘हवाच तर आहे’ असे म्हटले जाते. हा गैरसमज महागात पडतो, प्रसंगी जीवही घेतो.

टाकीत काय असते?

१०० लिटरच्या टाकीत ८ किलो दाब, म्हणजे सुमारे ११४ पीएसआय, भरला की बाहेरची जवळजवळ पावणेनऊशे लिटर हवा त्यात कोंबलेली असते. दाब ८ किलो याचा अर्थ दर चौरस सेंटिमीटरवर ८ किलो. टाकीचे झाकण ३० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर त्या एका झाकणावर आतून साडेपाच टनांहून अधिक जोर पडतो. भरलेला ट्रक जणू आतून धक्का देत उभा आहे. पत्रा मजबूत आहे तोवर चिंता नाही. पत्रा गंजला की हीच टाकी बॉम्बसारखी फुटते.

खरेदी करताना

केवळ मोटरचे हॉर्सपॉवर व टाकीचा आकार पाहू नये. यंत्र मिनिटाला किती हवा प्रत्यक्ष देते ते विचारावे. टायरला थोडी हवा पुरते, स्प्रे गनला सतत लागते. एअरजेट मागांना लागणारी हवा या लहान यंत्राच्या कुवतीबाहेरची आहे. टाकीवर कामाचा दाब, चाचणीचा दाब व बनावटीचे वर्ष लिहिलेली पट्टी असावी. जुन्या बाजारातील यंत्रावर ही पट्टी नसेल, किंवा टाकीला कोठे वेल्डिंगचे ठिगळ दिसत असेल, तर स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. शंका असेल तर टाकी पूर्ण पाण्याने भरून जाणत्याकडून दाबाची चाचणी करून घ्यावी. पाणी दाबले जात नाही. म्हणून कमजोर टाकी पाण्याच्या चाचणीत गळते, हवेसारखी उडत नाही.

जागा आणि वीज

यंत्र सपाट जागी ठेवावे, चाकांना अडण लावावी आणि भिंतीपासून हात-दीड हात अंतर सोडावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक. वारा मिळाला नाही तर पंप तापतो. मागांच्या शेडमध्ये रुईचे तूस उडून एअर फिल्टर बुजतो. शक्य तर यंत्र शेडबाहेर सावलीत ठेवावे, नाहीतर फिल्टर रोज साफ करावा.

२ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालू असताना ९-१० अँपियर वीज घेते. सुरू होताना त्याच्या कित्येक पट. तिला १६ अँपियरचे पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पक्के अर्थिंग व ईएलसीबी हवी. बारीक वायरची लांब एक्स्टेन्शन लावली की व्होल्टेज पडते आणि मोटर जळते. काम दूर असेल तर वायर न वाढवता हवेचा पाइप वाढवावा. थ्री फेज मोटर असेल तर चाक बाणाच्या दिशेनेच फिरते का ते पाहावे. दोन वायरी उलट लागल्या तरी हवा भरते, पण चाकाच्या पात्यांचा वारा पंपाला नीट लागत नाही.

रोजची पाच मिनिटे

सकाळी काचेतून तेलाची पातळी पाहावी. कंपनीने सांगितलेले कॉम्प्रेसरचे तेलच घालावे, गाडीतून काढलेले तेल नव्हे. बेल्टवर जाळी असल्याची खात्री करावी. यंत्र सुरू करून ठरलेल्या दाबावर ते आपोआप बंद होते का, हे काट्यावर पाहावे. बंद होताना ‘फुस्स’ असा आवाज आला पाहिजे. तो न आल्यास पुढच्या वेळी मोटर भरल्या दाबावर सुरू होऊन जळू शकते.

सेफ्टी व्हॉल्व्हची कडी आठवड्यातून एकदा ओढावी. हवा सुटली पाहिजे. तो व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या जागी बोल्ट ठोकणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण.

संध्याकाळी वीज बंद करून, दाब कमी करून, टाकीखालचा नळ सोडावा आणि पाणी काढावे. पावसाळ्यात मिनिटाला १०० लिटर हवा घेणारे यंत्र तासभर चालले तर अर्धी वाटी पाणी साचू शकते. हेच पाणी टाकी आतून खाते. बाहेरचा रंग नवा दिसतो आणि आत पत्रा कागदासारखा झालेला असतो. जेवणाला किंवा नमाजाला जाताना मुख्य स्विच बंद करावा. भारनियमनात गेलेली वीज परतली की यंत्र आपोआप सुरू होते, आणि तेव्हा कोणाचा हात बेल्टजवळ असेल याचा भरवसा नाही.

हवा अंगावर नको

माग साफ करताना माग बंद असावा, तोंडावर फडके व डोळ्यांवर चष्मा असावा, दाब कमी ठेवावा. अमेरिकेच्या नियमात सफाईसाठी ३० पीएसआयहून कमी दाब सांगितला आहे. उडालेले तूस ठिणगीने पेट घेते. म्हणून जवळ विडी नको.

पाळी सुटताना कपड्यांवरची रुई हवेने झटकण्याची सवय सर्वत्र आहे. ती मोडली पाहिजे. दाबाची हवा जखमेतून कातडीखाली शिरते, डोळा व कानाचा पडदा फोडते. त्याहून भयंकर म्हणजे मस्करी. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या हडपसर भागात एका १६ वर्षांच्या मुलाच्या गुदद्वाराशी कॉम्प्रेसरचा पाइप लावला गेला आणि आतडी फाटून तो मुलगा दगावला. आपल्या कारखान्यांत, गॅरेजांत कोवळ्या वयाची पोरे काम शिकायला येतात. पाइप कोणाच्याही अंगाकडे धरायचा नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी उस्तादाने सांगावे आणि कोणी धरलाच तर त्याला त्याच क्षणी कामावरून उठवावे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३१ ने सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये अशी व्यवस्था करणे बंधनकारक केले होते. आपला कारखाना लहान, आपल्याला कायदा कोठे लागू, असे कोणी म्हणेल. परंतु गंजलेल्या पत्र्याला मोठा कारखाना आणि लहान कारखाना यातला फरक कळत नाही. एक नळ सोडायचा, एक कडी ओढायची, एक स्विच बंद करायचा. एवढ्यावर कारागिराची रोजी आणि जीव दोन्ही शाबूत राहतात.