नापास म्हणण्याचा अधिकार

ओपनस्टॅकच्या मुख्य कोडमध्ये कोणीही स्वतःच्या हाताने बदल मिसळत नाही. जाणत्या अभियंत्यांनी बदल वाचून मान्यता दिली, तरी तो आत घेण्याचं काम झूल नावाची यंत्रणा करते आणि तेही सगळ्या चाचण्या पास झाल्यावरच. जगभरच्या कंपन्यांतली माणसं एकाच कोडवर काम करत असताना हा एक नियम सगळ्यांना सारखा लागू आहे. या प्रकल्पाचा पाया म्हणून मी याच नियमाकडे पाहतो.

नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये ओपनस्टॅक सुरू केलं. स्वतःच्या सर्व्हरांवर स्वतःचा क्लाउड उभा करण्यासाठीचं हे खुलं सॉफ्टवेअर आज युरोपातली सर्न ही संशोधनसंस्थाही वापरते. त्याचे भाग वेगवेगळे आहेत. व्हर्च्युअल मशीन नोव्हा चालवतो, नेटवर्क न्यूट्रॉन, डिस्क सिंडर, इमेज ग्लान्स, तर ओळख तपासणं कीस्टोनकडे. प्रत्येकाची टीम वेगळी. पण वापरणारा फक्त ‘एक मशीन द्या’ म्हणतो आणि त्या एका मागणीसाठी यातले बहुतेक भाग एकमेकांशी बोलू लागतात. दोष सापडतात ते बहुधा या बोलण्यात. म्हणून प्रत्येक भाग सुटा तपासून भागत नाही, अख्खा क्लाउड उभा करूनच तो तपासावा लागतो.

ते काम डेव्हस्टॅकचं. शेल स्क्रिप्टांचा हा संच एका कोऱ्या लिनक्स मशीनवर सगळा ओपनस्टॅक बसवतो. तो यंत्रणेत इतके फेरफार करतो की रोजच्या वापराच्या मशीनवर तो चालवूच नये. झूलच्या कामासाठी हे कोरं मशीन म्हणजे क्लाउड कंपन्यांनी देणगी म्हणून दिलेलं, साधारण ८ जीबी मेमरीचं एक व्हर्च्युअल मशीन असतं. त्यात पूर्ण क्लाउड उभा राहतो, त्या क्लाउडमध्ये पुन्हा छोटी मशीनं सुरू होतात आणि काम संपलं की सगळं पुसलं जातं. आतल्या मशीनांसाठी सिरॉस ही चाचण्यांपुरती बेतलेली, काही एमबींची चिमुकली लिनक्स इमेज वापरतात. नाहीतर मशीनातलं मशीन सुरू होण्यातच वेळ जायचा.

क्लाउड उभा राहिला की टेम्पेस्टची पाळी. पायथॉनमध्ये लिहिलेला हा चाचणीसंच क्लाउडच्या पोटात डोकावत नाही. गिऱ्हाईक जसं बाहेरून एपीआय वापरेल तसाच तो वापरतो. त्यासाठी त्याचे एपीआय क्लायंटही स्वतःचेच आहेत, म्हणजे नेहमीच्या क्लायंट लायब्ररीतल्या चुकीमुळे सर्व्हरमधली चूक झाकली जात नाही. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये कोणती इमेज, मशीनचा कोणता आकार, बाहेरचं नेटवर्क कोणतं आणि या क्लाउडमध्ये कोणत्या सोयी आहेत हे लिहावं लागतं. डेव्हस्टॅक ही फाइल स्वतः भरतो. आपल्या क्लाउडसाठी ती आपण भरायची आणि ती प्रामाणिकपणे भरणं हे मांडणीतलं सर्वांत मोलाचं काम. असलेली सोय ‘नाही’ म्हणून नोंदवली, तर तिच्या चाचण्या मुकाट वगळल्या जातात आणि निकाल मात्र स्वच्छ दिसतो.

चाचण्या समांतर चालतात. त्या एकमेकींच्या पायात येऊ नयेत म्हणून टेम्पेस्ट चाचण्यांच्या गटागटासाठी वेगळा प्रोजेक्ट आणि वेगळा वापरकर्ता तयार करू शकतो. नेटवर्कची एक चाचणी पाहण्यासारखी आहे. मशीन सुरू करायचं, त्याला बाहेरचा आयपी पत्ता जोडायचा, एसएसएचने आत शिरता येतं का बघायचं. मग पत्ता काढून घ्यायचा आणि आता आत शिरता *येत नाही* ना, हेही तपासायचं. बंद व्हायला हवं ते खरोखर बंद झालं का, हा प्रश्न घाईच्या चाचणीत हमखास राहून जातो.

टेम्पेस्ट नोव्हा किंवा सिंडरच्या कोडपासून वेगळा ठेवला आहे. त्यामुळे एपीआयचं जुनं वागणं मोडणारा बदल आणि त्याला सोयीची नवी चाचणी एकाच दमात गुपचूप आत ढकलता येत नाही. आधी चाचणी बदलायला हवी आणि त्यासाठी चारचौघांत कारण द्यायला हवं.

आता वेगाचा प्रश्न. एका बदलाच्या चाचण्यांना तास लागतो असं धरलं, तर एकामागून एक तपासून दिवसाला जेमतेम २४ बदल आत जातील. २०१२ मध्ये आलेल्या झूलने यावर तोड काढली. रांगेतले पुढचे सगळे पास होतील असं गृहीत धरून तो प्रत्येक बदल पुढच्यांसकट, पण एकाच वेळी तपासतो. मधला एखादा नापास झाला, तर तो बाहेर निघतो आणि त्याच्या मागच्यांची तपासणी त्याला वगळून नव्याने होते. एकदम किती बदल तपासायचे याची मर्यादाही तो अपयश आलं की निम्म्यावर आणतो आणि यश येत गेलं की एकेकाने वाढवतो.

या रचनेचा खरा शत्रू म्हणजे कारण नसताना अधूनमधून पडणारी चाचणी. समजा, प्रत्येक बदल उगाच नापास होण्याची शक्यता ५ टक्के आहे. मग रांगेतले वीसच्या वीस निर्दोष बदल एका दमात पास होण्याची शक्यता उरते सुमारे ३६ टक्के. ती ५ ची १ वर आणली, की हाच आकडा ८२ च्या घरात जातो. अशी चाचणी पडली की ‘रीचेक’ एवढा शब्द लिहून ती पुन्हा चालवता येते आणि मोह तिथेच असतो. कारण न शोधता रीचेक करणाऱ्याला आज हिरवा निकाल मिळतो. पण ज्या दिवशी दोष खरा असेल, त्या दिवशीही त्याचं बोट रीचेककडेच वळेल. म्हणूनच या समुदायाने लॉगमधल्या खुणांवरून ओळखीचे बग शोधणारी साधनं बनवली आणि रीचेकसोबत कारण लिहिण्याचा आग्रह धरला.

स्वतःचा क्लाउड चालवणाऱ्यांनी इथून उचलायचं ते हेच. सुरुवात टेम्पेस्टच्या ‘स्मोक’ म्हणून खूण केलेल्या मोजक्या चाचण्यांपासून करावी, त्या रोज चालवाव्यात आणि पडलेल्या प्रत्येक चाचणीला कारण विचारावं. पाचशे चाचण्या असून त्यांच्या ‘नापास’वर कोणाचाच विश्वास नसेल, तर त्या असून नसून सारख्याच. पन्नासच असल्या आणि त्यातली एक पडताच काम थांबत असेल, तर तो क्लाउड लोकांच्या हाती द्यायला हरकत नाही.