उन्हाळ्यात प्रयोगशाळा : अर्जाआधी एक ओळ वाचा

संक्रांतीच्या कार्यक्रमात हातावर तिळगूळ ठेवता ठेवता एका वहिनींनी आम्हाला कोपऱ्यात घेतले. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, विषय बायॉलॉजी. उन्हाळ्यात संशोधन करायचे म्हणून तिने सहा ठिकाणचे अर्ज निबंधांसकट तयार केले. पाठवायच्या आदल्या रात्री पात्रतेची ओळ वाचली : अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक. मुलगी चार वर्षांची असल्यापासून इथे वाढली, पण घर अजून एच-१ वर आणि ती एच-४ वर. "बारा वर्षे रांगेत आहोत, हे तिला कसे समजावायचे?" वहिनींनी विचारले. आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. आम्ही स्वतः एफ-१ वर रसायनशास्त्रात पीएच.डी. केली, तेव्हा हीच ओळ आम्हालाही आडवी आली होती.

ही ओळ येते कुठून? नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आरईयू हा कार्यक्रम १९८७ पासून चालतो. साधारण दहा आठवडे दुसऱ्या विद्यापीठात राहायचे, खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचे, वर विद्यावेतन मिळते. बेथेस्डाच्या एनआयएचमध्येही उन्हाळी उमेदवारी असते. हे पैसे 'प्रशिक्षणा'चे, म्हणून नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी राखलेले. पण प्राध्यापकाला स्वतःच्या प्रकल्पासाठी जे अनुदान मिळते ते 'संशोधना'चे. त्यातून कोणाला घ्यायचे यावर नागरिकत्वाची अट सहसा नसते. आमच्यासारखे हजारो परदेशी विद्यार्थी पीएच.डी. करतात ते याच दुसऱ्या पिशवीतून किंवा विद्यापीठाच्या फेलोशिपवर. हा फरक घरात कोणी सांगत नाही, आणि मुले चुकीच्या दारावर डोके आपटत बसतात.

एच-४ वरच्या मुलांना पगार घेता येत नाही. 'फुकट करतो' म्हणूनही पगारी जागेवर बसता येत नाही, हे लक्षात ठेवा. पण आपल्याच कॉलेजात क्रेडिटसाठी संशोधन हा विषय म्हणून घेता येतो. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारून घ्यावे. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतोच. एफ-१ केल्यास सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येते, मात्र ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना हा बदल वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. शेजाऱ्याच्या भाच्याचे जमले म्हणून आपले जमेल असे नाही.

प्राध्यापकाला पत्र कसे लिहावे? छोटे. त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचून त्यातला एक प्रश्न विचारावा, आठवड्याला किती तास देऊ शकतो ते लिहावे. चाळीस जणांना एकच पत्र पाठवले तर ते वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळते. उत्तर आले नाही तर दहा दिवसांनी पुन्हा लिहावे, तो उद्धटपणा नाही. पहिले दोन महिने बाटल्या धुणे, जेल ओतणे आणि पिपेट धरणे यात जातील. आमचेही गेले. पण पुढे पीएच.डी.च्या अर्जाला जी तीन शिफारसपत्रे लागतात, त्यातले वजनदार पत्र इथूनच येते.

दार बंद दिसले म्हणून परत फिरणारे आपले लोक नव्हेत. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला सोहोनी (तेव्हाच्या भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी) यांना १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या अडून बसल्या, अटींवर आत गेल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, त्याही जीवरसायनशास्त्रात.

आता पालकांचा लाडका प्रश्न : "मेडिकल नाही जमले म्हणून पीएच.डी. का?" अहो, पीएच.डी.ला बायोमेडिकल शाखांत बहुधा फी भरावी लागत नाही, उलट विद्यावेतन मिळते. पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काढून गुरू निवडायचा, मग पाच-सहा वर्षे. ज्याला दोन्ही हवे त्याच्यासाठी एम.डी.-पीएच.डी. आहे. त्यासाठी एनआयएचचे अनुदान १९६४ पासून आहे, अभ्यास मात्र आठेक वर्षांचा.

ग्रीन कार्ड असलेल्यांनीही बेफिकीर राहू नये. २०२५ च्या उन्हाळ्यात एनआयएचची उन्हाळी उमेदवारी रद्द झाली आणि त्याच वसंतात मॅसॅच्युसेट्सच्या यूमास चॅन मेडिकल स्कूलने पीएच.डी.चे दिलेले प्रवेश मागे घेतले. तेव्हा गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. उन्हाळी अर्जांच्या तारखा बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत आणि पीएच.डी.च्या डिसेंबरच्या सुमारास असतात.

वहिनींच्या मुलीने तिच्याच कॉलेजातल्या पाच जणांना पत्रे लिहिली. तिघांकडून काहीच नाही, एकाचा नकार, आणि एका बाईंनी भेटायला बोलावले. गुरुवारी दुपारी भेट आहे. पुढच्या महिन्यात मराठी शाळा सुटल्यावर आम्ही तासभर त्याच खोलीत बसणार आहोत. ज्यांना पत्राचा मसुदा दाखवायचा असेल त्यांनी छापून आणावा. चहा मंडळाचा, चिवडा कोणी आणला तर बरे.