आधी माणूस, मग यंत्र

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाऊन राहणारे आई-वडील आता आपल्याकडे घरोघरी आढळतात. त्यांना देश दाखवावा म्हणून मुले कधी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, घेऊन निघतात. ओटा, बिछाना, स्वच्छतागृह सारे सोबत असल्याने गुडघेदुखीच्या ज्येष्ठांना हा प्रवास सोयीचा वाटतो. मात्र या घराच्या भिंती पातळ असतात, आणि वाळवंटातील मुक्कामी त्यातला गारवा छतावरच्या एका वातानुकूलन यंत्रावर अवलंबून असतो.

गेल्या जुलैत आम्ही हे अनुभवले. धाकट्या भावाचे मोटरहोम वीस वर्षांचे जुने. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना यांच्या सीमेवरील नीडल्स या गावी आम्ही दुपारी थांबलो. मोहावी वाळवंटातले हे गाव. बाहेर ४४ अंश सेल्सिअस तापमान. वीज जोडली, पंखा फिरू लागला, पण हवा गार येईना. छतावरून काही क्षण घुरघुर ऐकू येई, मग ‘खट्’ असा आवाज होऊन सारे शांत. भाऊ हत्यारांची पेटी घेऊन शिडी चढला. “ताई, अर्ध्या तासात लावतो बघ,” म्हणाला. ७८ वर्षांची आई खाटेवर पडून होती. पाणी पुढे केले तर, “तहान नाही गं मला,” म्हणाली. तासाभराने ती उठू लागली तेव्हा तिला घेरी आली आणि पोटऱ्यांत गोळे आले. तेव्हा कुठे आम्ही यंत्र सोडून तिच्याकडे वळलो.

मुक्कामस्थळाच्या थंड कार्यालयात तिला नेले, पाय किंचित उंच ठेवून झोपवले, मानेवर व काखेत ओली फडकी ठेवली, घोट घोट पाणी पाजले. तिला हुशारी वाटू लागेपर्यंत संध्याकाळ झाली. आमचे दैव चांगले. पण चूक आमचीच होती.

वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि त्वचेकडे रक्त वळवून उष्णता बाहेर टाकण्याची शक्तीही घटते. रक्तदाबासाठी आई घेते ती लघवी वाढवणारी गोळी शरीरातले पाणी आणखी कमी करते. अशी औषधे मनाने बंद करू नयेत. प्रवासापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी किती प्यावे, हेही विचारून घ्यावे. तापमान ४० अंशांच्या वर गेले की पंख्याचा वारा शरीर निववत नाही, उलट तापवतो. ज्येष्ठ व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, झोपाळली किंवा बेशुद्ध झाली, तर तो उष्माघात समजावा. तेथे ९११, महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर त्वरित फोन करावा, मदत येईपर्यंत अंग गार करीत राहावे. शुद्ध हरपली असता तोंडात पाणी घालू नये.

आता यंत्राविषयी. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने दोन दोष सांगितले. पहिला, विजेचा दाब. तेथे तो १२० व्होल्ट असावा लागतो. भर दुपारी साऱ्यांची यंत्रे चालू असल्याने आमच्या जोडणीवर तो १०२ पर्यंत उतरला होता. साधारण १०५ च्या खाली कॉम्प्रेसर चालवू नये. तो जोर लावतो, तापतो आणि हळूहळू निकामी होतो. दुसरा दोष, कपॅसिटर क्षीण झालेला. कॉम्प्रेसर सुरू होताना हाच भाग त्याला धक्का देतो. घुरघुर होऊन खट् होणे ही त्याचीच खूण असू शकते. भाग स्वस्त आहे, परंतु वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहतो. घरच्या हाताने त्याला स्पर्श करू नये.

कुटुंबीयांनी करण्याजोगे थोडेच आहे. दाब मोजावा, पाणी तापवण्याचे यंत्र व मायक्रोवेव्ह बंद ठेवावेत, जाळी धुवावी. यंत्र बंद केल्यास आतील वायूचा दाब समतोल होण्यासाठी पाच मिनिटे थांबूनच पुन्हा सुरू करावे. आत खेचली जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यांत ९ ते १२ अंशांचा फरक असला तर यंत्र ठीक आहे. कॉम्प्रेसर चालूनही फरक पडत नसेल, तर बहुधा वायू गळाला आहे किंवा कॉम्प्रेसर झिजला आहे. छतावरची ही यंत्रे मोहोरबंद असल्याने तेव्हा नवे बसवणेच शहाणपणाचे. ब्रेकर वारंवार पडत असेल तर तो पुन्हापुन्हा चढवू नये. जनरेटर लावल्यास कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा चालू आहे ना, हे आधी पाहावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. चालकाजवळचे वातानुकूलन गाडीच्या इंजिनावर चालते, छतावरच्या यंत्राशी त्याचा संबंध नसतो. आईला पुढे बसवून आम्ही गाडी हाकली असती, तर पहिल्या दहा मिनिटांतच तिला गारवा मिळाला असता.

विदर्भात वा मराठवाड्यात मे महिन्यात विजेचा दाब उतरतो आणि खिडकीतले जुने यंत्र असेच घुरघुरते. तेव्हाही क्रम हाच ठेवावा. आजी-आजोबांना गार जागी हलवावे आणि मगच तंत्रज्ञाला बोलवावे.