भुटभुटीचा ताप

इंजिन जितके थंड तितके निरोगी, ही समजूत यंत्रांशी नित्य व्यवहार करणाऱ्यांतही इतकी रूढ आहे की, जुन्या नौकांच्या इंजिनांना निर्मात्यांनी साधारणतः ६० अंश सेल्सिअसची मर्यादा घालून दिली ती त्यांच्या प्रकृतीच्या हितासाठीच, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ही मर्यादा इंजिनाने मागितलेली नसून पाण्याने लादलेली आहे; आणि त्याचा प्रत्यय घ्यावयाचा तर कोलकात्याइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

मोटारीत तेच ते पाणी इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये फिरत राहते. जुन्या नौकेतील पंप मात्र बाहेरचे पाणी ओढतो, सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवितो आणि तापलेले पाणी पुन्हा बाहेर सोडून देतो. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्करांच्या कारखान्याची तेलइंजिने ज्यांनी आपल्या विहिरींवर चालविली, त्यांना उपशाच्या पाण्याची एक धार इंजिनातून फिरवून पाटात सोडण्याची ही रीत अपरिचित नाही. आणि हुगळीत व सुंदरबनात फिरणारी भुटभुटी म्हणजे तरी देशी नावेवर बसविलेले तसलेच डिझेल इंजिन.

समुद्राच्या पाण्यात हीच रीत धोक्याची ठरते. साखर ऊन पाण्यात अधिक विरघळते; चुन्याच्या क्षारांचा स्वभाव नेमका उलट, पाणी तापले की ते द्रावणातून बाहेर पडून लोखंडावर खपली धरतात, आणि ६०-६५ अंशांच्या पुढे हा व्यापार झपाट्याने वाढतो. खपलीतून उष्णता लोखंडाच्या मानाने फारच मंद गतीने वाहते; सबब आतली भिंत भाजत असतानाही, केवळ पाण्याचे तापमान सांगणारा काटा काही काळ निर्धास्त दिसतो. आगबोटींच्या चालकांना हा पेच फार पूर्वीच पडला होता. खिदिरपूरला १८२३ साली ‘डायना’ ही आगबोट पाण्यात उतरली, त्या जमान्यात समुद्रगामी बोटींच्या बाष्पकांत खारे पाणीच भरीत. दाब वाढवावा तर उष्णता वाढते आणि खपली जमते, म्हणून वाफेचे पुन्हा गोडे पाणी करून बाष्पकाला परत देण्याची तजवीज सर्वत्र होईपर्यंत दाब बेताचाच ठेवावा लागे.

६० अंशांच्या या थंडपणाची किंमत इंजिन गुपचूप मोजते. गार भिंतींवर ज्वलनातील बाष्प निवते, डिझेलमधील गंधकाशी मिळून आम्ल तयार होते, ते सिलिंडर झिजविते आणि वंगणतेल नासविते. १ एप्रिल २०२० पासून देशातील वाहनांच्या डिझेलमधील गंधक दहा लाखांत दहा भागांवर आले, हा जुन्या इंजिनांना आयताच मिळालेला दिलासा. नव्या नौकांत गोडे पाणी बंदिस्त मार्गाने फिरते आणि नदीचे वा समुद्राचे पाणी केवळ त्या पाण्याची उष्णता हरण करते. म्हणूनच ती इंजिने ८० अंशांच्या आसपास निर्वेधपणे चालतात.

आता हुगळी. गंगेचे पाणी हुगळीत आणणारा फराक्का बंधाऱ्याचा कालवा १९७५ साली सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यात कोलकात्याच्या पाण्यात खारटपणा चढत असे. आता भरती-ओहोटी रोजची असली तरी बाबूघाटासमोरचे पाणी बहुतांशी गोडेच असते. म्हणजे येथे ६० अंशांचा हुकूम मीठ देत नाही. येथला वैरी गाळ: तो जाळीतून निसटतो, पंपाचे रबरी चक्र खातो आणि पोकळीच्या ज्या कोपऱ्यांत प्रवाह मंदावतो तेथे साचून बसतो. इंजिन तापते अशी तक्रार आली की थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाण्याची वाट रोखणारी झडप) काढून टाकण्याचा उपाय मिस्त्रीमंडळींत सर्वत्र लोकप्रिय आहे. माझ्या मते हा उपाय नव्हेच. काटा खाली येतो, गाळ जागच्या जागी राहतो, आणि नदीचे तीस अंशांचे पाणी अखंड वाहू लागल्याने इंजिनाचा उरलेला भाग कधी पुरता तापतच नाही.

तीच नाव कॅनिंगला मातला नदीवर नेली की खाऱ्या पाण्याचा अंमल सुरू होतो. तेथे मर्यादा कसोशीने पाळावी, पोकळीत बसविलेला जस्ताचा तुकडा झिजला की बदलावा (लोखंडाऐवजी गंजण्यासाठीच त्याची नेमणूक असते) आणि दीर्घ मुक्कामापूर्वी इंजिनातून गोडे पाणी फिरवावे. जुनी नाव खरेदी करणाऱ्याने काट्यावर विसंबून न राहता पोकळीचे झाकण उघडवून आत हात घालावा. खपली असेल तर सौम्य आम्लाने ती निघते. गाळ आम्लाला दाद देत नाही, तो खरवडूनच काढावा लागतो.