बाळाची आंघोळ : रोज की दिवसाआड?



मागील पावसाळ्यात काही कामानिमित्त आगरदांड्याहून राजपुरीची खाडी ओलांडून आम्ही दिघीला गेलो होतो. पावसाची झड लागली होती. एका परिचित कुटुंबात चहासाठी थांबलो. घरची लेक पहिल्या बाळंतपणासाठी मुंबईहून माहेरी आलेली. बाळ सव्वा महिन्याचे. न्हाणीघरात पाणी तापत होते आणि ओटीवर वाद तापला होता. आजीचे म्हणणे असे की, बाळाला रोज कढत पाण्याने न्हाऊमाखू घातल्याशिवाय त्याचे अंग सुटत नाही आणि त्याला झोपही लागत नाही. नातीने मोबाईलवर वाचले होते की, तान्ह्या बाळाला आठवड्यातून तीनच वेळा आंघोळ घालावी. रोज घातल्यास कातडी कोरडी पडते.

आम्हाला पाहताच आजी म्हणाल्या, "फादर, तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हीच सांगा, आमच्या चार पोरांना रोज न्हाऊ घालून आम्ही चुकलो का?"

त्यांच्या स्वरात राग नव्हता, पण मन दुखावल्याचे जाणवत होते. त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. मात्र असा प्रश्न अनेक घरांत उभा राहतो आणि त्यावरून सासू-सुना, आजी-नाती यांच्यात विनाकारण अंतर पडते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. म्हणून या विषयावर वैद्यकशास्त्र काय सांगते, ते येथे सविस्तर मांडत आहोत.

पहिले चोवीस तास

आंघोळ किती वेळा घालावी, यापेक्षा पहिली आंघोळ केव्हा घालावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. येथे खरोखर जीव जाऊ शकतो.

आईच्या उदरातील उबेतून बाळ एकाएकी बाहेरच्या हवेत येते. त्याचे अंग ओले असते. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे अंगातील उष्णता झपाट्याने निघून जाते. मोठ्यांप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला जमत नाही. नवजात बालकाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावे लागते. ते खाली घसरले की बाळ मलूल होते, दूध ओढत नाही. आणि दूध न मिळाल्याने अधिकच गार पडते. कमी वजनाच्या बालकाच्या बाबतीत हे चक्र प्राणघातक ठरू शकते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की, जन्मानंतर पहिले २४ तास बाळाला आंघोळ घालू नये. रूढीमुळे ते शक्य नसेल तर निदान सहा तास तरी थांबावे. जन्मतः अंगावर असलेला पांढरा, लोण्यासारखा थर घासून काढण्याची घाई आपल्याकडे फार असते. पण तो थर म्हणजे घाण नव्हे. तो कातडीचे रक्षण करतो आणि हळूहळू आपोआप जिरतो. बाळाला स्वच्छ, कोरड्या कपड्याने पुसावे, टोपडे घालावे आणि आईच्या उघड्या छातीशी धरून दूध पाजावे. पहिल्या दिवसाचे काम एवढेच.

ही गोष्ट केवळ मोठ्या रुग्णालयांची नाही. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण दिले. बाळाला उबदार ठेवणे, स्तनपानास मदत करणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून उपचार करणे अशी कामे या आरोग्यदूत स्त्रिया ३९ गावांमध्ये करीत होत्या. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने याच धर्तीवर घरगुती नवजात सेवेचा कार्यक्रम देशभर सुरू केला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा सेविका ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते, ती याच कार्यक्रमानुसार. तिला दारातून परत पाठवू नये. आंघोळीविषयीची शंका प्रथम तिलाच विचारावी.

तिच्याकडून शिकण्याजोगी एक सोपी परीक्षा सांगतो. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचे पोट आणि तळपाय चाचपून पाहावेत. दोन्ही उबदार असतील तर चिंता नाही. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळाला थंडी बाधू लागली आहे. त्यास लगेच छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर उबदार ठेवूनच विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे. अशा बाळाला त्या दिवशी आंघोळ नको.

नाळ पडेपर्यंत बाळाला ओल्या मऊ कपड्याने पुसून घेणे पुरेसे असते. बेंबी कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, राख किंवा तेल लावू नये. वजन कमी असल्यास डॉक्टर सांगेपर्यंत अंघोळीची घाई करू नये.

रोज की तीन वेळा?

आता आजी आणि नातीच्या वादाकडे वळू. नातीने वाचलेला सल्ला खरा आहे. पहिल्या वर्षात आठवड्यातून तीन वेळा आंघोळ पुरेशी होऊ शकते, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी सांगते. त्यामागील कारण समजून घ्यावे. तान्ह्या बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते आणि तिच्यातील ओलावा लवकर उडतो. कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर साधा साबण क्षारधर्मी. रोज साबण चोळला आणि कढत पाणी ओतले की कातडीवरील नैसर्गिक स्निग्धता धुऊन जाते. कातडी फुटते, खाज सुटते. ज्या मुलांना इसबाची प्रवृत्ती आहे त्यांचा त्रास वाढतो. शिवाय जे बाळ अद्याप रांगतही नाही ते मळणार तरी किती? लघवी-शीची जागा वेळच्या वेळी धुतली आणि मानेच्या वळ्यांत साचलेले दूध पुसले, तर ते स्वच्छच असते.

परंतु हा सल्ला सर्वत्र जसाच्या तसा लागू करता येणार नाही. जेथे हिवाळ्यात घरे बंद करून तापवावी लागतात, तेथील कोरड्या हवेत कातडी लवकर सुकते. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर हवा दमट. चैत्र-वैशाखात बाळाच्या अंगावर घामोळे उठते, कारण त्याच्या घामाच्या नलिका अजून कोवळ्या असतात आणि सहज तुंबतात. अशा दिवसांत रोज, क्वचित दोनदाही, नुसत्या कोमट पाण्याची झटपट आंघोळ बाळाला सुखावते. त्यात गैर काही नाही.

तेव्हा आमचे मत असे : आपल्या हवेत पाणी रोज चालेल, पण साबण रोज नको आणि कढत पाणी तर कधीच नको. आजींचा 'रोज' बरोबर आहे; 'कढत' चूक आहे. नातीची काळजी रास्त आहे. पण तिने मोजायचे ते वार नव्हेत, तर पाण्याची ऊब, साबणाचे प्रमाण आणि आंघोळीस लागणारा वेळ.

आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. घंगाळात आधी गार पाणी घ्यावे, मग गरम मिसळावे. कामाने निबर झालेल्या तळव्याला पाण्याची खरी ऊब कळत नाही. म्हणून कोपर बुडवून पाहावे. दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, टॉवेल व कपडे आधीच हाताशी ठेवावेत. अंघोळीनंतर मान, काखा, जांघा यांतील वळ्या नीट टिपून कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात कपडे दमट राहतात आणि दमट दुपट्यात गुंडाळलेले बाळ अंघोळीचा सारा लाभ गमावून बसते. ज्या दिवशी कोरडे कपडे नसतील, त्या दिवशी आंघोळ टाळलेली बरी.

किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून अधिक साबण चोळला जातो आणि तो कातडीवरच राहतो. बाळापुरते दोन तांबे गोडे पाणी राखून ठेवता आले तर उत्तम.

परंपरेतील काय ठेवावे?

आपल्या आज्या-पणज्यांची न्हाऊ घालण्याची रीत सर्वस्वी टाकाऊ मानणे हा अन्याय ठरेल. तेलाने हळुवार मालिश करणे हितकारक आहे. मुंबईत अपुऱ्या दिवसांच्या व पूर्ण दिवसांच्या बाळांवर झालेला एक अभ्यास २००५ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेल वापरलेल्या बाळांपेक्षा चांगले वाढल्याचे त्यात आढळले. कोकणच्या घरात खोबरेल तर असतेच.

मात्र काही प्रथा प्रेमापोटी असल्या तरी सोडून द्याव्यात. नाकात आणि कानात तेल सोडू नये. नाकातील तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. अंघोळीनंतरची धुरी कोवळ्या फुप्फुसांना अपायकारक असते. नाकात फुंकर मारणे, डाळीच्या पिठाने अंग खसाखसा घासणे, पावडर उधळणे आणि डोळ्यांत काजळ घालणे हेही टाळावे.

मूल वाढू लागल्यावर

मूल रांगू लागले, मातीत खेळू लागले की गणित बदलते. तेव्हा रोज एक आंघोळ योग्यच. समुद्रात किंवा खाडीत डुंबून आलेल्या मुलांनी गोड्या पाण्याने अंग धुवावे, अन्यथा मिठाने खाज सुटते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक-दोन वेळाही आंघोळ पुरते, असे अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात; वयात येताना घामाचा वास येऊ लागला की रोजची सवय आवश्यक होते. ताप किंवा कांजिण्या आल्या म्हणून मुलाला आठवडाभर पाणी न लावण्याची चाल आहे. तिला आधार नाही. कोमट पाण्याने अंग हलकेच धुतल्यास उलट खाज शमते.

आणखी दोन गोष्टी. पहिली : भरलेल्या बादलीपाशी लहान मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, वीतभर पाण्यातही मूल बुडते. दुसरी : आजार रोखण्याच्या कामी अंघोळीपेक्षा हातांचे महत्त्व मोठे आहे. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याच्या सवयीने मुलांतील अतिसार सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांवरून दिसते. वैशाखात विहिरी तळ गाठतात आणि घरातील स्त्रीला डोक्यावरून पाणी आणावे लागते. अशा वेळी एकच हंडा उरला असेल, तर आंघोळ चुकली तरी चालेल. हात धुणे चुकता कामा नये. ज्या आईला त्या दिवसांत मुलाला रोज न्हाऊ घालता येत नाही, तिला शेजाऱ्यांनी नावे ठेवू नयेत.

आम्हा धर्मगुरूंनाही यात शिकण्यासारखे आहे. बाप्तिस्म्याला आपण मराठीत 'स्नानसंस्कार' म्हणतो आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो व्हावा, असे धर्मसभेचा कायदा सांगतो. म्हणजे बाळ अगदी कोवळे असतानाच त्याच्या मस्तकावर पाणी पडते. हवामानानुसार गरज भासल्यास हे पाणी आधी कोमट करावे, असे संस्कारविधीच्या प्रास्ताविकातच नमूद आहे. आषाढातल्या सकाळी पाणी कोमट करण्याची आठवण पालकांनी आम्हाला संकोच न बाळगता करून द्यावी आणि आजीने कोरडा टॉवेल घेऊन जवळच उभे राहावे.

दिघीच्या त्या आजींना आमचे उत्तर द्यायचे राहिले होते. आजी, तुम्ही चुकला नाहीत. तुमच्या हाताखाली चार मुले वाढली. आता नातीच्या हातात बाळ आहे. तिला न्हाणीघरात जवळ बसवा. मालिश तुम्ही शिकवा आणि पाण्यात कोपर तिला बुडवू द्या. पाणी कोमट आहे, असे ती म्हणाली की मगच पहिला तांब्या ओता.