वीस पोळ्यांची डाळ, दोनशे पोळ्यांची डाळ

आमच्या इमारतीतल्या एक वहिनी पुरणपोळ्या करून विकतात. सुरुवात शेजाऱ्यांच्या आग्रहावरून झाली. होळीला वीस, मग पाडव्याला चाळीस. व्हॉट्सअॅपवर निरोप फिरत गेला आणि पुढच्या होळीला दोनशे पोळ्यांची ऑर्डर आली. आदल्या संध्याकाळी त्यांनी सहा किलो डाळ कुकरला लावून लावून शिजवली, कट काढला आणि सगळी डाळ एका मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवली. गूळ पहाटे घालायचा बेत होता. पहाटे झाकण काढलं तर आंबूस वास. वरची डाळ गार झालेली, पण मध्ये डाव घातला तर अजून कोमट. सगळी डाळ टाकून द्यावी लागली. वहिनींचा प्रश्न साधा होता : हात तोच, डाळ तीच, पातेलंही स्वच्छ, मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते भूमितीत. पदार्थाची उष्णता बाहेर जाते ती पृष्ठभागावरून. भांडं लांबी-रुंदी-उंचीने दुप्पट केलं तर पृष्ठभाग चौपट होतो, पण आतला ऐवज आठपट. आमटी निदान ढवळता येते. डाळ, भात, पुरण यांसारख्या घट्ट पदार्थात उष्णता कणाकणाने सरकत बाहेर येते. तिथे थराची जाडी दुप्पट झाली की निवायला साधारण चौपट वेळ लागतो. वीस पोळ्यांची डाळ तासाभरात निवत होती, दोनशे पोळ्यांची रात्रभर निवली नाही. घरच्या कृतीला दहाने गुणलं की साहित्य दहापट होतं, वेळेचं गणित मात्र वेगळंच निघतं.

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. या तापमानात जिवाणू वाढतात. सोयीचं वातावरण मिळालं तर अनेक जिवाणू वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. म्हणजे चार तासांत बारा वेळा दुप्पट, एकाचे चार हजारांवर. शिजवताना ते मरत नाहीत का? बहुतेक मरतात. पण भात आणि डाळींबरोबर येणाऱ्या ‘बॅसिलस सिरीयस’सारख्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतूनही तगतात आणि पातेलं कोमट झालं की जागे होतात. ‘पुन्हा एक उकळी काढली की झालं’ हा आपल्याकडचा हुकमी उपाय इथे लागू पडत नाही. या जिवाणूने तयार केलेलं उलट्यांचं विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. वहिनींच्या डाळीला वास आला हे एका अर्थी बरंच झालं. विषाला बहुतेक वेळा वास नसतो.

उपाय माहीत असलेलेच आहेत. शिजलेला पदार्थ दोन बोटं उंचीच्या थरात पसरट ट्रेमध्ये घालायचा, खाली बर्फाचं पाणी, आणि शक्य तितक्या लवकर शीतकपाटात. व्यावसायिक स्वयंपाकघरात यासाठी ‘ब्लास्ट चिलर’ असतो; तो वेगवान गार हवेच्या झोतात ७० अंशांचा पदार्थ दीडेक तासात ३ अंशांवर आणतो. आता दोन खोल्यांच्या घरात सहा किलो डाळीचे ट्रे मांडायचे कुठे? घरच्या फ्रिजमध्ये एवढं गरम सामान कोंबलं तर आतलं दूधही नासायचं. आणि ब्लास्ट चिलर, मोठा वेट ग्राइंडर, धूर ओढणारी चिमणी हे सगळं विकत घेण्याइतका धंदा अजून वाढलेला नसतो. घर पुरत नाही आणि कारखाना परवडत नाही, अशा मधल्या पायरीवर कितीतरी चांगल्या हाताच्या बायकांचे धंदे थांबतात.

सामायिक स्वयंपाकघर या पायरीसाठी असतं. सगळी यंत्रं असलेली, परवान्याच्या अटींत बसणारी जागा तासावर भाड्याने घ्यायची. सकाळी सहा ते दहा एकीच्या पोळ्या, दहा ते दोन दुसऱ्याचे केक, दुपारनंतर तिसऱ्याची लोणची. शीतकपाटात आणि कोठीत प्रत्येकाचा कुलपाचा कप्पा. ‘क्लाउड किचन’शी याची गल्लत करू नये. तिथे ऑर्डर घरपोच देण्यापुरतं, बहुधा एकाच मालकाचं हॉटेल चालतं. इथे बरेच लहान मालक एकच ओटा वाटून घेतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात २००५पासून चालणारी ‘ला कोसिना’ ही संस्था प्रामुख्याने स्थलांतरित, अल्प उत्पन्नाच्या स्त्रियांना अशी जागा देते आणि जोडीला हिशेब, विक्री, परवाने शिकवते.

कल्पना आपल्यालाही अनोळखी नाही. १९५९मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पुढे जी पद्धत बसली तीत पीठ केंद्रावर एकत्र मळलं जातं आणि बहिणी ते घरी नेऊन पापड लाटतात. ही वाटणी मला शास्त्राच्या अंगानेही शहाणपणाची वाटते. ओलं, मोजमापाचं, चुकलं तर महागात पडणारं काम एका जागी, देखरेखीखाली. वाळण्याकडे निघालेलं काम घरी. वाळलेल्या पापडात जिवाणूंना वापरता येईल असं पाणीच उरत नाही. पुरण, पनीर, ओल्या नारळाची चटणी यांना ही सवलत नाही. २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रांसाठी ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं, त्याची चर्चा बरीच झाली. त्याच योजनेतल्या, भाड्याने वापरता येणाऱ्या ‘कॉमन इन्क्युबेशन सेंटर’ची चर्चा त्या मानाने फारच कमी. स्वतःचं यंत्र घेऊन कर्जात अडकण्याआधी दुसऱ्याच्या यंत्रावर चार महिने काम करून पाहणं केव्हाही बरं.

सामायिक म्हटलं की धोकेही सामायिक. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं? आधीच्या पाळीत मिक्सरमधून शेंगदाण्याची चटणी निघाली आणि भांडं नुसतं विसळून पुढच्याने त्यात बाळाच्या खिमटीचं पीठ दळलं, तर दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला तेवढा अंशही पुरतो. उकळत्या पाण्याने जिवाणू मरतील, अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन नुसत्या उष्णतेने जात नाही. साबणाने घासून धुवावंच लागतं. म्हणून चांगल्या ठिकाणी कूट-काजूवाल्यांच्या पाळ्या दिवसाच्या शेवटी लावतात. वेष्टनावर शेंगदाणे, दूध, गहू यांसारख्या घटकांचा उल्लेख करणं आपल्या नियमांतही बंधनकारक आहे. तळणीचं तेल हा दुसरा भांडणाचा विषय. तेलातली ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही, असा नियम २०१८पासून आहे. पण चार जणांनी वापरलेल्या कढईतलं तेल नेमकं कोणी बदलायचं? उत्तर करारात लिहिलेलं नसेल तर कोणीच बदलत नाही. ओटा सामायिक असला तरी अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना मात्र ज्याचा त्यानेच काढायचा. तो नियम घरून विकणाऱ्यालाही चुकत नाही.

वहिनी आता आठवड्यातून दोनदा अशा एका ठिकाणी जातात. भाडं वजा जाता पोळीमागे कमी सुटतात, ही त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. जागा ठरवताना त्यांनी तीन ठिकाणं पाहिली. पहिल्या दोन ठिकाणी चकचकीत स्टील आणि फोटो काढण्यासारखी फरशी होती. तिसरीकडे फरशी जुनी होती, पण शीतकपाटाच्या दाराला दोरीने एक वही बांधलेली. तीत दर चार तासांनी तापमान लिहिलेलं, शेवटची नोंद त्याच सकाळची. वहिनींनी तिथेच आगाऊ पैसे भरले.